मागे सरकणारे बूट

टेबल टेनिससाठी बूट कसे निवडावेत, हे मला कोणी विचारत नाही. नुकसान न विचारणाऱ्यांचं आहे. तीन संध्याकाळ वाचन करून मी या शास्त्रात पारंगत झालो होतो. तळ पातळ आणि सपाट हवा. टाच उंच नको, कारण या खेळात माणूस सरळ धावत नाही, खेकड्यासारखा आडवा पळतो. बुटाच्या दोन्ही कडांनी पाऊल घट्ट धरलं पाहिजे, पुढे बोटांना हातपाय पसरायला जागा पाहिजे, आणि बूट वाकलाच तर चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. या सगळ्याचा तक्ता करून मी फ्रिजवर लावला होता.

शास्त्राची गरज पडली लेकीमुळे. ती पंधरा वर्षांची आहे, क्लबात खेळते, आणि गेली दोन वर्षं माझ्याशी मुख्यतः दाराआडून बोलते. क्लबात पालक आणि मूल अशा जोड्यांची स्पर्धा होती. तिने आधी आईला विचारलं, पण आईचा गुडघा दुखतो. मग एक दिवस ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, तू येशील? नाही आलास तरी चालेल."

शेवटचं वाक्य तिने घरून, म्हणजे तिच्या खोलीतून, तयार करूनच आणलं होतं. ते मला लागलं. मी म्हणालो, येणार, आणि जिंकणारही!

मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याला मी तक्ता वाचून दाखवला. त्याने तो आदराने ऐकून घेतला, सगळं एकच असतं साहेब, असं सांगितलं आणि धावण्याचे बूट हातात ठेवले. टाचेखालची उशी इतकी जाड की मी दोन इंच वर गेलो, आणि त्या उंचीवरून मला तक्ता दिसेनासा झाला. घरी येऊन जेवणाच्या टेबलाभोवती आडवं पळून पाहिलं. तिसऱ्या फेरीत उशी एकीकडे गेली, घोटा दुसरीकडे, आणि मी कपडे वाळत घालायच्या स्टँडसकट जमिनीवर. लेक खोलीतून बाहेर आली. तिने माझ्या तोंडावरचा टॉवेल उचलला, खाली मीच आहे याची खात्री केली, टॉवेल परत ठेवला आणि आत निघून गेली.

स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. बायको म्हणाली, बाजारामागच्या गल्लीत जिन्याखाली एक बूटवाले काका बसतात, त्यांच्याकडे जुने जोडही असतात, मागे एकदा ती गेली होती.

दुपारचे दोन वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी लंगडत अकरा पायऱ्या उतरलो. आत छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर शे-दोनशे बूट, आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे होते. पण शिक्षा झालेली मुलं निदान चुळबुळ तरी करतात. कोपऱ्यात एक म्हातारा खाली मान घालून टाके घालत होता.

"आलात," तो म्हणाला. मान वर केली नाही.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

बूट असे पाठमोरे का, असं मी विचारलं. आपला आवाज इथे बारीक का येतोय, हेही विचारायचं होतं. तो म्हणाला, पुढून सगळेच सारखे दिसतात, माणूस टाचेवरून कळतो. मग त्याने मला चार पावलं चालायला लावलं, माझ्या पायातल्या बुटांच्या टाचा निरखल्या, माप न विचारता आत गेला आणि निळ्या रंगाचा एक जोड घेऊन आला. तळ सपाट. कडा घट्ट. वाकवून पाहिला, तर बरोबर चवड्यापाशी वाकला. किंमत विचारली, तर त्याने इतका लहान आकडा सांगितला की तेवढ्यात हल्ली नाडीसुद्धा येत नाही. एवढी स्वस्त वस्तू कोणी का विकतं?

मी बूट घातले. आजवर मला काहीही इतकं नेमकं बसलेलं नाही, लग्नातला कोटसुद्धा. संशय येऊन मी डावा बूट काढला आणि उजेडात धरला. आतल्या अस्तरावर आधीच्या माणसाच्या बोटांचे काळपट ठसे होते. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. उजवाही काढून पाहिला, त्यात तसं नव्हतं. माझंही तसंच आहे, फक्त डाव्या पायाचं. अस्तर जरा उचललं. खाली निळ्या शाईत एक गोल डोळा काढलेला होता, मधोमध ठिपका, आणि मागे दोन धारदार टोकं. डोळा माझ्याकडे बघत होता.

मी अस्तर हळूच खाली ठेवलं आणि विचारलं, हे वापरणारा माणूस कसा होता?

म्हाताऱ्याने दोरा दातांनी तोडला. "तळ मी बदलला. जुना पाहिला होता. टाचा पार गेलेल्या, चवडे कोरे. चेंडू आला की मागे. डावीकडे, मागे. पुढे पाऊल टाकायचं नावच नाही."

"आणि आता तो कुठे असतो?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बुटांकडे. मग पुन्हा माझ्याकडे, बराच वेळ. शेवटी पुन्हा टाके घालू लागला. माणूस गेलेला आहे, हे मी ओळखलं.

बूट तिथेच टाकून पळावं असं फार वाटलं. पण घरी जाऊन लेकीला सांगायचं काय? बूट मिळाले नाहीत? तिचं 'चालेल' तयारच होतं. मी बूट घेतले.

त्या संध्याकाळी मी शेजारी, मेहुणा आणि ऑफिसातले दोघे यांना फोन करून त्या दिवंगत भित्र्या माणसाची सविस्तर माहिती दिली. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मेहुणा म्हणाला, अशी माणसं घरच्यांनाही कधी सुख देत नाहीत. बायको-लेकीला काही सांगितलं नाही. उगाच घाबरल्या असत्या.

सकाळी क्लबचा हॉल उजेडाने भरलेला होता, तरी माझी पावलं गार होती. जोडीने खेळताना आळीपाळीने मारायचं असतं, आपण मारलं की लगेच बाजूला व्हायचं आणि जोडीदाराला जागा द्यायची. मी पहिला चेंडू मारला आणि बूट निघाले. डावीकडे, मागे. मी त्यांना नेलं नाही, शपथेवर सांगतो. लाकडी जमिनीवर तळ करकरला, आणि माझे पाय थांबल्यावर पुन्हा एकदा करकरला. दुसरी करकर लेकीच्या बुटांची असणार, असं मी स्वतःला समजावलं.

मी रिकाम्या केलेल्या जागेत लेक पोचली आणि तिने फटका हाणला. गुण आमचा. पुन्हा तसंच. आणि पुन्हा. "बाबा, काय मस्त जागा देतोयस," ती कानाशी येऊन म्हणाली. दोन वर्षांतलं पहिलं कौतुक, आणि तेही एका मेलेल्या माणसाच्या वाट्याचं!

समोर एक दंतवैद्य आणि त्यांचा मुलगा होते. शेवटच्या गेममध्ये आम्ही नऊ, ते दहा. दंतवैद्यांनी चेंडू जाळीलगत अलगद टाकला. पाळी माझी. बूट मागे ओढायला लागले, आणि मला तिच्या खोलीचं बंद दार दिसलं. मी दातओठ खाऊन सगळं वजन चवड्यांवर टाकलं आणि त्या माणसाला फरफटत पुढे नेलं. चेंडू जाळीवरून गेला. दंतवैद्य जागच्या जागी थिजले. टाळ्या पडल्या.

मग पंचांनी माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. तोल सावरायला मी तो टेबलावर पसरला होता. खेळ चालू असताना मोकळा हात टेबलाला लागला की गुण समोरच्यांचा. सामना संपला.

मी लेकीकडे बघायचं धाडस करीपर्यंत ती हसत हसत जमिनीवर बसलेली होती. "पण पुढे आलास," ती म्हणाली.

घोटा पुन्हा सुजला होता, म्हणून तिनेच माझा डावा बूट ओढून काढला. अस्तर बाहेर आलं. ती बुटात बघू लागली. मी घाईने म्हणालो, त्या डोळ्याकडे बघू नकोस.

"डोळा कुठला? मासा आहे हा," ती म्हणाली. "पहिलीत होते मी. तुला नशीब यावं म्हणून काढला होता. केवढा ओरडला होतास."

बायको येऊन वाकून बघू लागली. हे तेव्हा पांढरे होते, काकांनी रंगवलेले दिसतात, असं तिने शांतपणे सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी मी दोन महिने खेळलो होतो. पहिल्या सामन्यात हरून आलो आणि बूट कोपऱ्यात भिरकावले. तिने ते दुरुस्तीला टाकले. आणायला मी जाणार होतो.

म्हणजे म्हाताऱ्याने मला काही विकलं नव्हतंच. नऊ वर्षांपूर्वीच्या दराने शिलाई तेवढी घेतली होती.

त्या दिवंगताबद्दल मी फोनवर जे जे बोललो ते जाहीरपणे मागे घेतो. मेहुण्याला मात्र अजून काही कळवलेलं नाही. लेक अजून दाराआडूनच बोलते, पण दार आता अर्धं उघडं असतं, आणि बूट तिच्याच खोलीत आहेत. तो मासा तिने नव्या शाईने गिरवलाय.

"आणि माझ्या सँडल?" त्या दिवशी हॉलमधून निघताना बायकोने विचारलं होतं. "बुटांसोबतच दुरुस्तीला टाकल्या होत्या. त्याही तूच आणणार होतास."

सोमवारी दुपारी दोन वाजता मी पुन्हा अकरा पायऱ्या उतरलो. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. सँडल त्याच्या मांडीशी काढून ठेवलेल्या होत्या.