झाकण धरून उचलू नये

देवरेकाकांच्या घरी बरणी असो, डबा असो, खालून उचलावा. झाकण धरून उचलू नये. हे मी एक नवी साडी घालवून शिकले. सुमनकाकू म्हणाल्या, "थोडं लोणचं घे गं." मी बरणी वरून उचलली. झाकण हातात राहिलं आणि कैरी, मोहरी, तेल सगळं निऱ्यांवर आलं. काका धावून आले असतील असं वाटतं ना? ते जागेवरूनच म्हणाले, "बुडाशी धरायचं असतं. झाकणाचा काय भरवसा?"

असं म्हणणारा माणूस अंबडच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होता. आता निवृत्त झालेत, पण फिरायला जातानाही खिशात पाना असतो. सिडकोतल्या आमच्या इमारतीत एक नळ गळत नाही की एक बिजागरी कुरकुरत नाही. वॉचमनला उभं करून काकांनी त्याच्या खुर्चीचे स्क्रू आवळलेत. फक्त स्वतःच्या घरातली झाकणं तेवढी ढिली. दिव्याखाली अंधार, असं मी चारचौघांत म्हणायचे.

काकांचं दुसरं खूळ म्हणजे टीएनएफ. काकूंना सांधे सुजवणारा संधिवात आहे, आणि त्यात या टीएनएफ नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो, असं डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितलं. तेव्हापासून काका टीएनएफबद्दल बोलतात ते नालायक जावयाबद्दल बोलावं तसं.

"टीएनएफ म्हणजे भोंगा," ते सांगतात. "आमच्याकडं एकदा आग लागली. भोंगा वाजला, माणसं पाणी घेऊन धावली, आग विझली. इथवर बरोबर. पण भोंगा अडकला! बंदच होईना. माणसं येतायत, पाणी मारतायत. आगीनं एक मशीन गेलं, पाण्यानं आख्खी लाईन गेली. हिच्या बोटांत तेच चाललंय. आग नाय, बिग नाय, भोंगा चालू."

पुढे त्यांना जगभर भोंगेच ऐकू यायला लागले. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून सेक्रेटरी तापले, की काका शांतपणे विचारणार, "साहेब, आग कुठं हाय?" आमच्या घरात नवराबायकोचा आवाज चढला, की दारावर टकटक. "भोंगा ऐकू आला म्हणून आलो." अशा वेळी माणसाचा राग येतो, पण भांडण पुढे चालवता येत नाही.

मग काकूंना या भोंग्याचं तोंड दाबणारी इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की वाकडी झालेली बोटं सरळ व्हायची नाहीत. सूज, दुखणं, सकाळचा आखडलेपणा कमी होऊ शकेल, पण सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, काही महिने वाट बघा. शिवाय भोंगा दाबला की खरी आग लागली तरी कळायला उशीर, म्हणून जंतुसंसर्गाला जपा. एवढं ऐकल्यावर काकांनी दारातच नाका उघडला. सर्दी झालेल्या सेक्रेटरींना जिन्याच्या खालच्या वळणावरून बोलावं लागलं. इंजेक्शनचा फ्रिज म्हणजे गाभारा. वीज गेली की काका फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभे, वीज येईपर्यंत हलणार नाहीत.

काकूंना हे कौतुक मुळीच नको असायचं. "माझ्या हाताला काय धाड भरलीय?" असं त्या म्हणायच्या, तेही मूठ वळत नसताना. "मसाल्याचा डबा ज्या दिवशी दुसऱ्यानं उघडून द्यावा लागंल ना, त्या दिवशी मी स्वयंपाकघर सोडीन. अजून एकही झाकण माझ्यापुढं टिकलं नाय."

एका सकाळी मी विरजण मागायला गेले. काकू आंघोळीला गेल्या होत्या. दार उघडून काका पुन्हा घाईघाईने ओट्याकडे गेले, आणि मागोमाग गेलेली मी बघतच राहिले. मीठ, हळद, मसाला, लोणचं, एकेका बरणीचं झाकण ते अर्धा आटा फिरवून सैल करत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"तिनं उघडलं असं तिला वाटलं पाहिजे," ते कुजबुजले.

साडीचा राग माझ्या मनात अजून थोडा होता. तो तिथेच संपला.

पुढे काही महिन्यांनी पुतण्याच्या लग्नाला काका कळवणला निघाले. काकूंना गर्दीत न्यायचं नव्हतं. झाकणांचा चार्ज माझ्याकडे आला. "अर्धाच आटा हां पोरी. जास्त ढिलं केलंस तर तिला कळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मसाल्याच्या बरणीला हात घातला आणि मागून आवाज आला, "ठेव ते."

काकू पदराला हात पुसत उभ्या होत्या. "वॉचमनची खुर्ची आवळणारा माणूस. त्याच्या घरात झाकणं ढिली राहतील का गं? मला काय कळत नाय?"

मी बरणी ओट्यावर ठेवली.

"आता आवळ. चांगला जोर लाव."

मी आवळली. काकूंनी झाकणावर फडकं टाकलं, बरणी पोटाशी धरली आणि त्या वाकड्या बोटांनी झाकण पिळलं. चेहरा लाल झाला. मला पुढे व्हावंसं वाटत होतं, पण धीर झाला नाही. मग कट् असा आवाज झाला आणि काळ्या मसाल्याचा वास घरभर सुटला. काकू हसल्या. रडले मी.

"आधी नव्हतं होत," त्या म्हणाल्या. "आता व्हायला लागलंय. पण ह्यांना सांगू नको. सकाळचं तेवढं एक काम हाय त्यांना. खुशीत असतात."

मी सांगितलं नाही. पण परवा काका मनगट चोळत माझ्या दारात आले.

"हल्ली झाकणं लय घट्ट बसतात बघ. सकाळी हात भरून येतो. एवढं आवळून कोण ठेवतं, देव जाणे. घरात तर आम्ही दोघंच..."

आणि ते थांबले. वळून स्वतःच्या दाराकडे बघत राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. काकांचे डोळे भरले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"उद्यापासून जरा लवकर उठावं लागंल," ते म्हणाले. "लय घट्ट असतात."