भाडेकरूच्या खटल्याची नक्कल

"वरच्या खोलीतल्या माणसाची खुनाची केस होती म्हणे. दूधवाला सांगत होता," घरमालकाच्या बायकोने चहाआधीच तोंड उघडलं.

"अगं, तो दूधवाला पाण्यावरही साय दाखवतो."

"अहो, पण वरचा माणूस चाव्या बनवतो! आपण कडीकुलूप लावून काय उपयोग?"

हे मात्र घरमालकाला पटलं. तो तडक कोर्टाच्या नक्कल विभागात गेला.

"निकालाची नक्कल कुणालाही मिळते," खिडकीतला कारकून म्हणाला. "पण तुम्ही त्रयस्थ. कशाला हवी ते शपथेवर लिहून द्या." मग त्याने नावावरून खटला शोधला. "हं. खूनच आहे."

घरमालक खिडकीत वाकला. "आरोपी हेच का?"

"ते वाचायलाच तर नक्कल घ्यायची ना!"

बाहेर बसलेल्या वकिलाने कारण लिहिलं: अर्जदाराच्या जिवास धोका. घरमालकाने सही ठोकली. अशा अर्जाची नोटीस खटल्यातल्या माणसांना जाते, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात चावीवाला पाकीट घेऊन खाली आला.

"काका, एवढं वाचून दाखवता? कुलपाचं बोटांना कळतं, पण बारीक अक्षर आता दिसत नाही."

घरमालकाने कागद उलगडला. वरच त्याचं स्वतःचं नाव होतं. त्याने ती ओळ अंगठ्याखाली झाकली.

"कुणीतरी... तुमच्या खटल्याची नक्कल मागतंय."

"कोण?"

"छपाई पुसट आहे हो."

आतून बायकोला जोराचा ठसका लागला.

"कशाला मागतोय?"

"जिवाला धोका आहे म्हणतो."

चावीवाल्याने कागद परत घेऊन त्याची घडी घातली. "बिचारा. काका, तारखेला माझ्याबरोबर याल? एकट्याला तिथल्या पाट्या वाचता येत नाहीत."

घरमालकाने कॅलेंडरवर तारखेला खूण केली.

कोर्टात पुकारा झाला. अर्जदार हजर आहे का? कुणी हललं नाही. दुसऱ्या पुकाऱ्याला घरमालकाने कसाबसा हात वर केला. शेजारी चावीवाल्याचाही हात वर गेला, तो नोटीस मिळाली म्हणून.

"तुम्ही दोघं बरोबर आलात?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"एकाच बसने, साहेब," चावीवाला म्हणाला. "तिकीट यांनीच काढलं."

मागच्या बाकावर हशा पिकला. घरमालकाने मान खाली घातली.

"नक्कल द्यायला तुमची हरकत?"

"नाही, साहेब. मी फिर्यादी होतो. मुलगा माझा गेला. निकाल वाचायला लागले तेव्हा मला ऐकवेना, मी उठून बाहेर गेलो. आत काय लिहिलंय ते मलाही ठाऊक नाही. द्या यांना."

परतताना दोघं बसमध्ये शेजारी बसले. या वेळी तिकीट चावीवाल्याने काढलं.

नक्कल मिळाली तरी घरमालकाने पाकीट फोडलं नाही. कपाटात कपड्यांखाली सारून ठेवलं. पण दोन दिवसांनी चावीवाला स्वतःच खाली आला.

"आली का हो, काका?"

बायकोने निमूटपणे खुर्ची पुढे केली आणि स्वतः दाराशी उभी राहिली. घरमालकाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि वाचायला लागला. दुसऱ्याच ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"मयत... वय वर्षे सात..."

"आठ," चावीवाला म्हणाला. "आठवं लागलं होतं त्याला. वाचा पुढे."