रामलिंगअप्पांचं सामाजिक वर्ष

वालूरच्या रामलिंगअप्पांनी पाडव्याच्या दिवशी भर बैठकीत जांभई दिली, आणि तिथून त्यांच्या संसाराला उतरती कळा लागली.

बैठक महादेव मंदिर समितीची होती. यंदा अध्यक्ष कोण, या सवालावर सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले होते. तेवढ्यात अप्पांना जांभई आली, तोंडावर धरायला हात वर गेला, आणि किराणावाले माऊली म्हणाले, "घ्या, अप्पा तयार हायत." टाळ्या पडल्या. जांभई होती, असं तेव्हाच सांगता आलं असतं. पण अप्पांसाठी याआधी टाळ्या फक्त त्यांच्या लग्नात पडल्या होत्या (त्याही पंगतीची घाई असलेल्यांनी वाजवल्या होत्या). ते गप्प बसले.

ज्याला नाही म्हणता येत नाही, असा माणूस गावाला बरोबर सापडतो. बसवजयंतीच्या मिरवणुकीचं काम अप्पांकडे आलं. शाळा उघडली तशी शाळा समिती आली. पोळ्यापर्यंत ते तंटामुक्ती समितीवरही जाऊन बसले. गावातले तंटे मिटवता मिटवता घरातला वाढत चाललाय हे त्यांना कळलं नाही, कारण ते घरात नव्हते.

घर म्हणजे पुढं पिठाची गिरणी आणि मागं बिऱ्हाड. दिवाळीच्या गर्दीत अप्पा एक कान फोनला लावून दळायला उभे राहिले आणि बायनाबाईच्या ज्वारीत कुणाची तरी चकलीची भाजणी दळून मोकळे झाले. बायनाबाईनं दुसऱ्या दिवशी भाकरी आणून दाखवली. भाकरी खुसखुशीत झाली होती आणि म्हातारीला दात नव्हते. त्या दिवशी चन्नबसम्मा नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "तुमी गावाचं बघा. गिरणीचं मी बघते." अप्पांना ही मोकळीक वाटली. खरं तर ती हकालपट्टी होती.

चन्नबसम्माचा जीव टांगणीला लागला होता तो मुलीपायी. ईश्वरी नर्सिंग शिकून आली होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. पहिले पाहुणे आले तेव्हा अप्पा बांधाच्या भांडणात मध्यस्थी करत होते. बाप बघण्याच्या कार्यक्रमालाही नसतो म्हणजे घरात काहीतरी भानगड असणार, असं म्हणून पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या स्थळानं तर चहाही घेतला नाही.

माघात तिसरं स्थळ आलं ते चन्नबसम्माच्या भावाच्या ओळखीनं. पोखर्णीचे महारुद्रअप्पा, त्यांच्या मुलाचं परभणीला औषधाचं दुकान. ते सोमवारी येणार असल्याचं तिनं नवऱ्याला परत परत सांगितलं. अप्पा दर वेळी "हाव, हाव" म्हणाले. फक्त ते फोनवरच्या माणसाला म्हणत होते. त्याच सोमवारी मंदिरात शिवनाम सप्ताहाची सांगता होती आणि सगळ्या गावाचा महाप्रसाद.

आचारी देवगाव फाट्याहून जीपनं यायचे होते. ऊन चढलं, भोपळे तसेच पडून, कणकेला हात नाही. अप्पा घामाघूम. एवढ्यात जीप आली. मांडवानं रस्ता अडला होता, म्हणून ती मंदिरासमोरच थांबली. पांढऱ्या धोतरातले एक गृहस्थ उतरून, हात जोडून म्हणाले, "शरणार्थ. जरा उशीरच झाला."

"जरा?" अप्पा म्हणाले. "आणि माणसं किती आणलीत?"

"पाच जण आलाव."

"पाचच? मी पंधरा सांगितले होते."

गृहस्थ भारावले. इतक्या मोठ्या मनाचे यजमान त्यांनी बघितले नव्हते. अप्पांनी बायामाणसं किती, तेही विचारून घेतलं आणि त्या दोघींना पुऱ्या लाटायला बसवलं. गृहस्थांच्या हातात विळी दिली. औषधाच्या दुकानाच्या मालकाला चुलीपुढं उभं केलं, आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून तो मागं सरकला तेव्हा, असली नाजूक पोरं कशाला आणता, असंही सुनावलं.

पाहुण्यांनी हूं की चूं केलं नाही. आधी कायक, म्हणजे अंगमेहनतीची पूजा, आणि मग पाहुणचार, ही या घराण्याची रीतच असावी अशी त्यांची समजूत झाली. महारुद्रअप्पा भक्तिभावानं भोपळा चिरत राहिले. खरे आचारी येऊन उतरले तेव्हा कुठं अप्पांना शंका आली. त्यांनी चाचरत विचारलं, "मग तुमी कोण म्हणायचे?"

"पोखर्णीहून आलाव. तुमच्याच मुलीला बघायला."

अप्पांनी आधी त्यांच्या हातातली विळी काढून घेतली. त्यांनी पाहुण्यांना घरी आणलं खरं, पण दारात चन्नबसम्मानं पाहिलं ते असं: महारुद्रअप्पांचं धोतर भोपळ्यानं पिवळं, बायकांच्या हातांना कणीक, आणि नवरदेवाचे डोळे असे लाल की रडत रडत मुलगी बघायला आल्यासारखा. ती सरळ पोहे करायला आत गेली. बोलली असती तर अप्पांना बरं वाटलं असतं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, ईश्वरीला चार प्रश्न विचारले आणि, कळवतो, म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी सगळ्या समित्यांचे राजीनामे दिले. कुणीतरी थांबवेल, निदान कारण विचारेल, अशी आशा होती. माऊली म्हणाले, "बरं झालं अप्पा, आमी कसं सांगावं ह्याच विचारात होताव." संध्याकाळपर्यंत सगळ्या जागा भरल्या.

अप्पा गिरणीत जाऊन उभे राहिले, तर बायका डबे छातीशी धरून म्हणायला लागल्या, ताई येऊ द्या, आमी थांबताव. मग ते मागं जाऊन बसले. ईश्वरीनं चहा आणून दिला. तिला काहीतरी विचारावं म्हणून ते म्हणाले, "पेपर कवा हायत तुझे?"

"अप्पा, मी मागल्या साली पास झाले," ती म्हणाली. "पेढे तुमीच वाटले होते. शाळा समितीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. अप्पांनी चहा तसाच खाली ठेवला. गाव गेलं होतं, गिरणी गेली होती, आणि आता पोरीचं लग्नही आपल्या हातानं मोडलं, हे त्यांनी मनाशी कबूल केलं. आठवडाभर ते कोपऱ्यात बसून राहिले. चन्नबसम्मा झाडताना त्यांच्याभोवतीनं झाडायची.

मग पोखर्णीचा फोन आला. चन्नबसम्मानं तो उभ्या उभ्या ऐकला आणि मटकन खाली बसली. मुलगी पसंत होती. आई तर फारच पसंत होती. महारुद्रअप्पा पुढं म्हणाले होते, "आमच्या थोरल्या सुनेचे वडील सारखे येऊन बसतेत, घरात नाक खुपसतेत. तुमचे मालक घरात नसतेतच, ही लय मोठी बाब हाय. फकस्त त्यांनी समाजकार्य सोडू नये. घरी राहिले तर आमच्या पोराला चुलीपुढून उठू द्यायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नबसम्मानं नवऱ्याच्या हातात डबा दिला आणि लग्न होईस्तोवर दिवसा घरात दिसायचं नाही, म्हणून सांगितलं. अप्पा समित्यांकडे जाऊन आले. एकही जागा शिल्लक नव्हती. शेवटी ते बसनं देवगाव फाट्याला गेले आणि चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून राहिले. असेच रोज बसू लागले. पोखर्णीचा फोन आला की चन्नबसम्मा अभिमानानं सांगायची, मालक मीटिंगला गेलेत.

एकदा माऊली माल आणायला निघाले होते. त्यांनी अप्पांना बाकड्यावर पाहिलं आणि थांबून विचारलं, "अप्पा, इथं काय करायलाव?"

"काय न्हाई," अप्पा म्हणाले. "घरी नसायलोय."