रूथमावशींचा पहारा

रूथमावशींची बेल वाजवली की जाळीच्या दारामागून पहिला हुकूम येतो, "मनमाड म्हण."

तुम्ही नीट 'मनमाड' म्हणालात तर जाळी उघडते. नाक चोंदलेलं असेल तर तोंडातून 'बदबाड' बाहेर पडतं. मग मावशी म्हणतात, "बरं होऊन ये," आणि दार बंद. मग तो कुरिअरवाला असो, नाहीतर हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आलेली बाई.

मावशी आमच्या पनवेलच्या सोसायटीतल्या एकुलत्या एक ज्यू. खारघरच्या कॉलेजात आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर सगळी सोसायटीच त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला लागली. तळोज्याकडून वारा सुटून तो घाणेरडा वास आला की आमच्या सगळ्यांचीच नाकं चोंदतात. त्या दिवशी मावशींकडे चेअरमनलाही प्रवेश नाही.

"मावशी, सर्दी नाही हो, ॲलर्जी आहे."

"सिद्ध कर."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. सिद्ध कर म्हटल्यावर माणूस काय करणार? मुकाट्याने जिना उतरतो.

मी सोसायटीची सेक्रेटरी. संशय घेणं हे माझं कामच आहे, आणि खरं सांगायचं तर आवडही. मावशी एकट्या राहतात असं त्याच सांगायच्या. मग गेल्या काही महिन्यांपासून आतल्या दोरीवर पुरुषी शर्ट का वाळत होते? कचऱ्यात दाढीची ब्लेडं कुठून आली? एकदा तर बंद दारामागे चांगला भरदार खोकला ऐकू आला. मावशी काही तशा खोकत नाहीत. काहीतरी काळंबेरं नक्की होतं. बाईने न कळवता भाडेकरू ठेवला होता.

"तुला काय करायचंय?" नवरा म्हणाला.

"सेक्रेटरीला नाही करायचं तर कोणाला करायचं?"

मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साधंच विचारलं, "मावशींकडे कोण राहतं, कोणाला माहीत आहे का?" झालं. कोणी म्हणे फरार आरोपी असेल, कोणी म्हणे या वयात हे काय, कोणी पोलिसांत जायचं म्हणालं, आणि मध्येच एकाने गुलाबाच्या फुलासकट शुभ रात्री पाठवलं. रात्रभर फोन टुंग टुंग वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले.

"मनमाड म्हण."

"मनमाड, नांदगाव, चाळीसगाव," मी म्हणाले. "आता तुम्ही सांगा, आत कोण भाडेकरू आहे?"

"भाडेकरू आहे? सिद्ध कर."

"रूथ, येऊ दे तिला," आतून आवाज आला. "मीच सांगतो."

मावशींनी आधी मला साबणाने हात धुवायला लावले, मग आत सोडलं. खुर्चीत एक किडकिडीत गृहस्थ बसले होते.

"मी डॅनियल. हिचा धाकटा भाऊ. उरणला नोकरीला होतो, एकटाच राहायचो. मला एचआयव्ही आहे. कळायला फार उशीर झाला."

मी समोरच्या खुर्चीत बसले. मावशी माझ्यावर नजर रोखून बसल्या होत्या. मी खुर्ची जरा मागे घेते का, तेच बघत असाव्यात. मी घेतली नाही, पण काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "म्हणजे नक्की होतं काय हो यात?"

बस, मावशींचा तास सुरू झाला.

"हा रेट्रोव्हायरस. ज्या पेशी बाकीच्यांना कामाला लावतात, त्यांच्यातच तो शिरतो. आपला मजकूर त्यांच्या मूळ मजकुरात चिकटवून टाकतो. मग ती पेशी त्यालाच आपलं समजून त्याच्या प्रती काढत बसते, आणि शेवटी मरते."

"म्हणजे सेक्रेटरीच फितूर?"

"आत्ता कळलं. आणि काल तुमच्या ग्रुपवर काय चाललं होतं? एकीने हाक मारली, मग सगळेच ओरडत सुटले. पेशीही अशाच एकमेकींना हाका मारतात, त्या हाकांना सायटोकाइन म्हणतात. हाका हव्यातच, त्याशिवाय मदत येत नाही. पण शत्रू घरातच ठाण मांडून बसला की त्या थांबतच नाहीत. पहारेकरी पेशी दमतात, आणि मग साधी सर्दीही डोईजड होते. गोळ्यांनी विषाणू दबलाय, पण याचे पहारेकरी अजून पुरेसे वाढले नाहीत."

"म्हणून मनमाड?"

"मग काय माझ्यासाठी? मला काय धाड भरलीय?"

डॅनियल हसले. मग म्हणाले, "आज आमचं नवीन वर्ष. मला संध्याकाळी सिनेगॉगमध्ये जायचंय. डॉक्टर हो म्हणालेत, ही नको म्हणते."

"तिथे शंभर जण शिंकतील," मावशी म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "आणि प्रार्थना झाली की सगळे हातबोशी करतात. एकमेकांचे हात हातात घ्यायचे, मग आपली बोटं आपल्या ओठांना लावायची. याचं आजारपण तिथे सगळ्यांना कळलंय. कोणी हात मागे घेतला तर?"

मी उठले आणि डॅनियलपुढे दोन्ही हात केले.

त्यांनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग माझे हात धरले. त्यांचे हात गार होते. हात सोडल्यावर मावशी माझ्या बोटांकडेच बघत राहिल्या. ती ओठांपर्यंत जातात की साडीला पुसली जातात, यावर त्यांची नजर खिळली होती. मी ती ओठांना लावली. डॅनियलनीही लावली.

"चल रूथ, तयार हो," ते म्हणाले. "उशीर होईल."

"थांब जरा," मावशी म्हणाल्या, आणि पदरात तोंड खुपसून लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.