अडीच वाजताचा डुलकासुर

दुपारी बरोबर अडीच वाजता आमच्या दाराची कडी वाजते. तीनदा वाजते, थोडी थांबते आणि मग बाहेरून हळू आवाजात प्रश्न येतो, "झोपला व्हता का?"

या प्रश्नाला जगात उत्तर नाही. 'हो' म्हणावं तर समोरून "आता उठलाच, तर बसू घडीभर" असं येतं. 'नाही' म्हणावं तर गालावर उशीचे वळ. हे विचारणारे म्हणजे आमच्या शेजारचे वाघमारे सर. देगलूरकडच्या शाळेत हयातभर चित्रकला शिकवून ते नांदेडला आमच्या गल्लीत घर बांधून राहिले. मी रेल्वेत कायम रात्रपाळीचा माणूस. दुपारची झोप हेच माझं खरं उत्पन्न. त्यात उन्हाळ्यात कूलरचा वाळ्याचा वास यायला लागला, की खोली पाण्याखाली गेल्यासारखी होते, भिंती हलतात, आपलंच नाव लांबून कुठूनतरी ऐकू येतं. नेमके तिथूनच सर मला बाहेर ओढतात. कशासाठी? तर, "गोविंदराव, तुमच्याकडं फुटपट्टी हाय का?" चित्रकलेच्या मास्तरांनी फुटपट्टी मागायची आणि ती रेल्वेवाल्याकडे!

एकदा मी वैतागून दारावर पाटी लावली : 'झोपलो आहे. कडी वाजवू नये.' दुसऱ्या दिवशी पाटी गायब. अडीच वाजता कडी वाजली. सरांनी ती पाटी नव्यानं, सुरेख निळ्या अक्षरांत रंगवून आणली होती. "तुमचं अक्षर लई बेकार व्हतं, म्हणलं नीट करून द्यावं." बायको आत पदर तोंडाला लावून हसत होती.

यंदा गल्लीच्या संमेलनात प्राचीनं जिवंत चित्रकथा करायची ठरवली. प्राची म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातली, कॉलेजात नाटकं करणारी मुलगी. बांबूच्या मोठ्या चौकटी उभ्या करायच्या, त्यात माणसांनी पुतळ्यासारखं थांबायचं, पडदा सरकला की पुढचं चित्र. तोंडानं बोलायचं नाही, काठीला लावलेला, संवाद लिहिलेला पुठ्ठ्याचा फुगा वर धरायचा. नायक व्हायला सहाजण तयार झाले. खलनायक कुणालाच सुचेना. मग प्राची सरांकडे गेली.

सर आठ दिवस नुसते तरंगत होते. रोज अडीच वाजता मला प्रगती ऐकावी लागे. "खलनायकाला आधी पत्ता पाहिजे. बिनपत्त्याचा माणूस खरा वाटत न्हाई." दुसऱ्या दिवशी, "त्याला जेवायला काय आवडत असंल? भाकर अन् ठेचा, बस." तिसऱ्या दिवशी त्याच्या चपलेचं माप. मी अर्धवट झोपेत हो हो म्हणत असे, आणि सर गेल्यावर तो भाकर खाणारा माणूस माझ्या स्वप्नात येऊन बसे.

शेवटी गल्लीच्या बैठकीत सरांनी चित्र उलगडलं. मोठे डोळे, पायघोळ सदरा, सदऱ्याला खिसेच खिसे. नाव डुलकासुर. हा दुपारी घरोघर हिंडून लोकांच्या झोपा चोरतो आणि खिशात भरतो! सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसू गिळलं. सर मात्र गंभीर. भूमिका एकमतानं माझ्या गळ्यात पडली. सर म्हणाले, "तुमच्या डोळ्यात झोप कायम मुक्कामाला हाय."

सदरा बेतायला त्यांच्या ओसरीवर गेलो तेव्हा मी सहज विचारलं, "सर, एवढ्या झोपा चोरून हा करतो काय?"

सरांनी ब्रश खाली ठेवला. "काय करणार? त्याला झोप नकोच हाय हो. सगळी गल्ली झोपली की त्याच्या घरात लई शांत होतं. कुणीतरी जागं असावं, एवढंच."

आणि ते पुन्हा गुंड्या रंगवायला लागले. मला एकदम सरांच्या पत्नी कुसुमताई आठवल्या. देगलूरकडे दोघं सकाळच्या शाळेत मास्तर. दुपारी घरी येऊन जेवायचे, आणि अडीच वाजता चहाचे दोन कप घेऊन गप्पा मारत बसायचे; नांदेडला आल्यावर याच ओसरीवर तो नेम चालू राहिला. ताई जाऊन दोन वर्षं झाली. मी खांदा दिला होता आणि नंतर विसरून गेलो होतो. मला माझी लाज वाटली.

पण गोष्टीचा शेवट प्राचीनं आधीच ठरवला होता. सगळे मिळून डुलकासुराला गोदावरीच्या पुलापलीकडे हाकलतात. त्याच्या फुग्यात, 'मी कायमचा जातो!'

"हाकलायलाच पाहिजे का?" सरांनी विचारलं.

"सर, खलनायक आहे तो."

"हाव. बरोबर हाय," सर म्हणाले, आणि फुगे रंगवायला घेऊन गेले.

संमेलनाच्या संध्याकाळी गल्ली खुर्च्यांनी भरली. सर पडद्यामागून एकेकाच्या हातात फुगा देत होते. शेवटची चौकट आली. नायकानं फुगा वर केला, 'चालता हो!' मी माझा वर केला. अक्षरं लोकांच्या बाजूला, मला काही दिसेना. मग पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या शांताबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हाव, या बरं!" मागून चार-पाच बायका, "या, या!" आणि मग सगळी गल्ली हसत सुटली.

मी फुगा फिरवून पाहिला. सुंदर निळ्या अक्षरांत एकच शब्द होता, 'येतो.'

आपल्याकडे कुणी घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही. सरांच्या हातूनही ते लिहवलं नसणार. आणि दारातून कुणी 'येतो' म्हणालं, की बायकांच्या तोंडून 'या' निघणारच, मग तो असुर का असेना. प्राचीनं कपाळाला हात लावला. पडद्यामागे सर डोळे पुसत उभे होते. "ऐकलं का, गोविंदराव? या म्हणले."

दुसऱ्या दिवशी अडीच वाजले. कडी वाजली नाही. पावणेतीन झाले. कूलर चालू, वाळ्याचा वास, सगळं होतं, आणि मला झोप येईना. शेवटी उठलो, उन्हातून शेजारी गेलो आणि कडी तीनदा वाजवली.

"झोपला होतात का, सर?"

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सरांच्या गालावर उशीचे वळ होते.

"हाव," ते ओशाळून म्हणाले. "लई दिवसांनी लागली व्हती."

मी गडबडून मागे फिरलो. "झोपा, झोपा. येतो मी."

"थांबा हो," म्हणत ते आत गेले आणि कपांचा आवाज आला. दोन कपांचा. "आता उठलोच, तर बसू घडीभर. या."