फ्लॅट नंबर सात, मुक्काम लोणटेक

प्रत्येक शाळेनं आपण नेमके कुठे आहोत हे रविवारी संध्याकाळी सहाच्या आत शासनाला कळवावं, असा आदेश शनिवारी दुपारी निघाला. शाळा सत्तर वर्षं जागच्या हलल्या नव्हत्या, पण तसा पुरावा वरच्या कार्यालयात नव्हता. त्यासाठी ‘गुरुहजर’ नावाचं ॲप काढण्यात आलं. मुख्याध्यापकानं शाळेत उभं राहून एकदा बटण दाबायचं, की शाळा नकाशावर बसली. त्यानंतर त्या ठिकाणाच्या शंभर मीटरच्या आत असेल तो मास्तर हजर, बाकीचे गैरहजर.

लोणटेक हे मूर्तिजापूरकडचं गाव. पाचवीपर्यंत शाळा, तेवीस पोरं, चार मास्तर. मुख्याध्यापक उत्तमराव गावंडे यांना ‘तंत्रज्ञान समन्वयक’ नेमलं होतं, कारण तालुक्यातल्या बैठकीत त्यांचा मोबाइल सगळ्यात मोठा भरला. माणूस तसा वाईट नव्हता. दगडालाही वाचायला शिकवील असा त्यांचा हात होता. रविवारी ते अकोल्यात गोरक्षण रोडच्या आतल्या गल्लीत, स्वतःच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅट नंबर सातमध्ये बनियनवर बसून आलूपोहे खात होते. तेव्हा आदेश आठवला. ॲपनं विचारलं, ‘आपण शाळेच्या आवारात आहात का?’ उत्तमरावांनी ‘होय’ दाबलं. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत शासनाच्या एकाही प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

सोमवारी चारही मास्तर लोणटेकला वर्गात उभे राहिले आणि गैरहजर लागले. ॲपचं म्हणणं, शाळा इथून एक्केचाळीस किलोमीटर आहे.

तालुक्याचा ऑपरेटर पियुष म्हणाला की दुरुस्ती अगदी सोपी आहे, एका पानाचा फॉर्म भरून द्यायचा. त्यात एकच रकाना होता : ‘नोंद करतेवेळी आपण कोठे होता व का?’

तिथं गाडी अडली. कारण उत्तमराव कागदोपत्री लोणटेकलाच राहत होते. मास्तरनं नोकरीच्या गावी राहावं असा नियम आहे, आणि तो राहतो असा ठराव ग्रामसभा दरवर्षी करून देते. त्याशिवाय घरभाडं मिळत नाही. ठरावावर एकशे बारा सह्या असत. त्यातले निम्मे सह्याजीराव पुण्यात कंपनीत होते आणि बाकीच्यांनी कागद वाचला नव्हता. पण सही मागायला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आता अकोला लिहिलं तर नऊ वर्षांचे ठराव खोटे. उत्तमरावांनी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली आणि शाळा हलवली.

म्हणजे फार काही केलं नाही. बाकीचे तीन मास्तरही अकोल्यातच राहायचे. दहा वाजता चौघं फ्लॅटमध्ये येऊन हजेरी लावू लागले. सव्वादहाची एसटी धरून बारापर्यंत लोणटेक, आणि पाचला जायची हजेरी असल्यामुळे तीनला परत. सकाळी शाळेचं कुलूप खिचडी रांधणारी गोदाबाई काढी आणि पाचवीतली करिश्मा पहिली-दुसरीच्या पोरांना वाचायला शिकवी. करिश्मा गोदाबाईची नात. पुढची शाळा सहा किलोमीटरवर, मध्ये नाला. लोणटेकची शाळा गेली तर पोरींचं शिक्षण नाल्यापर्यंतच, हे गोदाबाईला कोणत्याही ॲपशिवाय माहीत होतं.

महिन्याभरात विद्यार्थ्यांचीही हजेरी ॲपवर आली. त्याच ठिकाणी, रोज सकाळी आठच्या आत, फोटोसह. तेवीस पोरं रोज अकोल्याला आणणं अव्यवहार्य होतं. पण तंत्रज्ञानात सोयही असते. ॲपला डोकी मोजता येत होती, चेहरे ओळखता येत नव्हते. इमारतीच्या पार्किंगमध्ये सतरा पोरं कॉन्व्हेंटच्या व्हॅनची वाट पाहत उभी असायची. त्यांना ओळीत बसवलं. उरलेली सहा डोकी वॉचमन नत्थुजी, पेपरवाला, दूधवाला आणि उकिडवे बसलेले तीन मास्तर मिळून भरत. नत्थुजी टोपी काढून बसे. टक्कल उन्हात चमकल्यामुळे एकदा त्याची दोन डोकी मोजली गेली आणि पटसंख्यावाढीबद्दल शाळेचं अभिनंदन झालं.

असं अभिनंदन झालं की तपासणी येतेच. तपासणी अधिकारी भावना मॅडम अमरावतीहून लोकेशन लावून निघाल्या आणि थेट दुसऱ्या मजल्यावर पोचल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कडी लागणारा संडास असलेली शाळा दिसली. फिल्टरचं पाणी, वायफाय, पंख्याला तिन्ही पाती. त्यांनी उत्तमरावांच्या बायकोला, पौर्णिमाबाईंना, पद विचारलं.

“मी घरचीच आहे,” पौर्णिमाबाई म्हणाल्या.

मॅडमनी लिहिलं : ‘शाळेत घरगुती वातावरण.’ त्रुटी एकच निघाली, पाटी नव्हती. उत्तमरावांनी दुसऱ्याच दिवशी दाराबाहेर पाटी लावली. शाळेला ‘आदर्श डिजिटल शाळा’ हा दर्जा मिळाला आणि खालच्या मजल्यावरून प्रवेशासाठी चौकशी सुरू झाली.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण एका गावाच्या नावावर दोन शाळा चालत नाहीत. पुढच्या आठवड्यात लोणटेकला नोटीस आली : ‘येथील एका जुन्या इमारतीत तेवीस बालके व एक स्वयंपाकीण विनापरवाना शाळा चालवत असल्याचे निदर्शनास आले आहे. पंधरा दिवसांत बंद करावी.’

शाळेच्याच आवारात ग्रामसभा बोलावली. उत्तमरावही आले. गोदाबाई पदर खोचून पुढे झाली.

“गुरुजी, तो फारम तुमच्या खिशात हाय न? मंग लिवा एक ओळ. ‘मी अकोल्यात रायतो.’ आमाले त पयलेपासून माईत हाय.”

उत्तमरावांनी फॉर्म काढला. पेनही काढलं. “लिहितो मी, गोदाबाई,” ते म्हणाले. “पण मग तुमचे नऊ ठराव खोटे ठरतील. चौकशी माझी एकट्याची होणार नाही.”

गावच्या नर्सबाईही तशाच ठरावावर, कागदोपत्री गावात राहत होत्या. तलाठी, वायरमन, सगळेच. ग्रामसेवक ललित तर अमरावतीहून यायचा, तेही फक्त मंगळवारी. सरपंच सूर्यभान स्वतः मूर्तिजापूरला राहत होते, पोरांच्या शिक्षणासाठी.

“गुरुजी, पेन ठेवा खाली,” सूर्यभान म्हणाले. “काहून साऱ्या गावाले अडकवून राहिले?”

मग ललितनं मार्ग काढला. गुरुजी लोणटेकला राहतात, हे नऊ ठरावांनी सिद्ध आहे. गुरुजी फ्लॅट नंबर सातमध्ये राहतात, हे सर्वांना माहीत आहे. म्हणजे फ्लॅट नंबर सात लोणटेकमध्ये आहे. तसा ठराव करून टाकला की कोणीच खोटं ठरत नाही, आणि शाळाही लोणटेकमध्येच राहते. आदर्श दर्जासकट.

सभेला हे पटलं. एकानं फक्त विचारलं की मग आपण बसलो ते काय आहे. ललितनं नकाशा पाहून सांगितलं की ही जागा लोणटेकपासून एक्केचाळीस किलोमीटर बाहेर पडते, तेव्हा इथल्या इमारतीशी या ग्रामपंचायतीचा संबंध उरत नाही.

ठराव सभेपुढे वाचायचा नियम आहे. ललितचा चष्मा अमरावतीला राहिला होता, म्हणून करिश्मानं वाचला. ‘सर्वानुमते’, ‘क्षेत्राबाहेरील’, ‘निष्कासित’, एकाही शब्दावर पोरगी अडखळली नाही. लोकांनी माना डोलावल्या. उत्तमराव जमिनीकडे पाहत होते, तिला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. कागद परत देताना तिनं विचारलं, “गुरुजी, मंग आमी आता कुठं रायतो?”

ते ठरावात नव्हतं.

गोदाबाईनं सही केली नाही. तिनं चुलीवर पाणी ओतलं आणि शाळेची किल्ली टेबलावर ठेवली. तिच्या एका सहीनं काही अडलं नाही. एकशे बारा भरल्या.

तुम्ही म्हणाल, माणसं अशी कशी हो असतात. ठराव ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे, कोणालाही पाहता येतो. शेवटून तिसरी सही तुमची आहे. तुम्ही लोणटेकला कधी गेला नसाल, कागद वाचलाही नसेल. पण कोणी तरी सही मागायला आलं होतं, आणि तुम्ही घाईत होता.