नलूकाकूंचं चीज

अकोल्यात ऊन जास्त पडतं, असं म्हटलेलंसुद्धा आमच्या शेजारच्या नलूकाकूंना खपत नाही. "आपल्याइथं का कमी हाये?" असं म्हणून त्या पदरानं घाम पुसून दाखवतात. अकोल्याचा त्यांना एवढा राग, कारण तिथं त्यांची विहीण राहते.

काकूंची एकुलती एक मुलगी अकोल्यात दिली. नात ओवी, सात वर्षांची. ती घरातल्या आजीला नुसतं 'आजी' म्हणते आणि नलूकाकूंना 'अमरावतीची आजी'. हे काकूंच्या फार जिव्हारी लागलेलं. "ते आजी, आन् मले मातर गाव जोडते. कावून?" हा प्रश्न त्या मला आठवड्यातून एकदा तरी विचारतात. काका गेल्यापासून विचारायला घरात दुसरं कोणी नाही.

एकदा ओवी फोनवर म्हणाली, आजी पराठ्यात चीज घालते, हातभर तार निघते. झालं. काकूंचा दिवसभर चहाही गोड लागेना. संध्याकाळी माझ्याकडे आल्या नि म्हणाल्या, विहीणबाई दुकानातून आणतात, मी घरी करीन. मी मोबाईलवर कृती काढून दिली. दूध कोमट करायचं, व्हिनेगर घालायचं, गोळा झाला की गरम पाण्यात मळून ताणायचा. अट एकच, दूध उकळायचं नाही.

नेमकं तेच काकूंना जमेना. भातकुलीहून म्हशीचं दूध आलं की त्यांचा हात आपोआप गॅसकडे जायचा. लेकराला कच्चं दूध द्यायचं म्हणजे काय, असं पुटपुटत त्या आधी ते खळखळून उकळत, मग निववत आणि मग कृतीप्रमाणे सगळं करत. व्हायचं पनीर. काकू पाटावर बसून ते ताणायच्या आणि त्याचा भुगा व्हायचा. दूधवाला, व्हिनेगर आणि मोबाईल दाखवणारा मी, सगळ्यांना बोलणी बसली. आमच्या घरी इतकं पनीर आलं की मुलांनी डबे लपवायला सुरुवात केली.

शेवटी दिवाळीच्या तोंडावर मीच गॅसपाशी पहारा दिला. बोट सोसेल इतकंच दूध तापू दिलं. काकू डोळे मिटून उभ्या होत्या, बघवतच नव्हतं त्यांना. आणि गोळा ताणला गेला, ओट्यापासून थेट फ्रिजपर्यंत. "पाय, आता हे अकोल्यापर्यंत जाते," काकू म्हणाल्या.

सुट्टीत ओवी आली. तार काढून काढून पोट फुटेस्तोवर पराठे खाल्ले आणि घरी जाऊन तिनं डंका पिटला. दोन दिवसांनी खुद्द विहीणबाईंचा फोन आला. आम्हालाही शिकवा म्हणाल्या. त्या दिवशी काकू गल्लीतून अशा चालल्या की मी बाजूला सरकून वाट दिली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी अकोल्याहून व्हिडिओ कॉल येतो. ओवी मोबाईल पातेल्यावर धरते, मधूनच कॅमेरा आपल्याकडे फिरवून शाळेतलं सांगते, पडलेला दात दाखवते. पलीकडे विहीणबाई घामाघूम. त्यांचंही पनीरच होतं. काकू इकडून गंभीरपणे सांगतात, जरा हळू हलवा, व्हिनेगर दुसरं आणून पाहा.

काल मी तिथंच बसलो होतो. पलीकडे दूध खळखळून वर येताना मला स्पष्ट दिसलं. काकूंनाही दिसलंच असणार. फोन संपल्यावर मी म्हटलं, काकू, दूध उकळू नका एवढंच सांगायचं होतं ना? एवढा हेवा बरा नव्हे.

काकूंनी मोबाईलची काच पदरानं पुसली.

"हेवा कायचा रे बाप्पा? सांगतलं, आन् जमलं त्याइले, तं उद्या फोन कायले करतीन?"

मग त्यांनी मोबाईल चार्जिंगला लावला आणि आतून माझ्यासाठी पनीरचा डबा आणला.